सोमालियासाठी जमवलेली मदत: पैसा वेळेवर का पोहोचत नाही आणि द्यावा तरी कोणाकडे?

खजिनदार

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने यंदाची सहल रद्द करून ती रक्कम, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये, सोमालियातील दुष्काळग्रस्तांसाठी द्यायचे ठरवले आहे. ठराव झाला त्या दिवशी सगळ्यांनाच समाधान वाटले. पैसे पाठवण्याची जबाबदारी खजिनदार म्हणून माझ्याकडे आली आणि गेले पंधरा दिवस मी जे काही वाचतो आहे, त्याने माझा गोंधळ वाढतच चालला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिली शंका अशी. २०११ साली संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै रोजी दक्षिण बकूल आणि लोअर शबेले या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला. पुढे झालेल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे सुमारे २ लाख ५८ हजार माणसे दगावली आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. पाऊस हुलकावणी देणार, याचे इशारे मात्र ऑगस्ट २०१० पासूनच दिले जात होते. जवळजवळ वर्षभर आधी कल्पना असूनही निधी जाहीर घोषणेनंतरच का लोटला?

दुसरी शंका मागणीच्या आकड्यांविषयी आहे. २०२५ सालासाठी संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या मदतकार्याकरिता ४७ अब्ज डॉलर मागितले होते आणि जून महिन्यात तीच मागणी छाटून २९ अब्जांवर आणली. एक तृतीयांशाहून अधिक कात्री लावता येत असेल, तर मूळ आकडा फुगवलेला होता असे समजायचे का? आम्हीही अंदाजपत्रकात 'शंभर मागा म्हणजे पन्नास मिळतील' असा हिशेब करतो, म्हणून विचारतो.

तिसरी शंका व्यवहाराची आहे: एवढीशी रक्कम मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे द्यावी, की तिथल्या एखाद्या स्थानिक संस्थेकडे?

दूरदेशी

मी काही वर्षे नैरोबीत राहून मदतकार्याच्या खरेदी विभागात काम केले आहे. सोमालियाच्या मदतीचा बराचसा कारभार त्या शहरातून चालतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन शंकांवर थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेकांचा असा समज असतो की संयुक्त राष्ट्रांकडे एखादी तिजोरी असते आणि संकट आले की ती उघडते. शांतिसेनेचा खर्च सदस्य देशांवर ठरावीक हिश्श्याने बसवला जातो आणि तो भरणे त्यांना बंधनकारक असते. मानवतावादी मदतीचे तसे नाही. १९९१ च्या डिसेंबरात आमसभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला आणि तेव्हापासून आजची पद्धत चालत आली आहे: प्रत्येक संकटाचा आराखडा तयार करायचा, त्याच्या खर्चाचे आवाहन काढायचे आणि ज्याला जेवढे वाटेल तेवढे त्याने द्यायचे. थोडक्यात, दरवर्षी नव्याने वर्गणीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचे. वर्गणी देणारी मोठी घरेही मोजकीच आहेत. अमेरिका, जर्मनी, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी हात आखडला की सगळा आराखडा कोलमडतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला तिची यूएसएड ही संस्थाच बंद केली, त्यानंतर नेमके हेच झाले.

त्यामुळे ४७ अब्जांचे २९ अब्ज होणे म्हणजे फुगवटा काढून टाकणे नव्हे. पहिल्या आराखड्यात सुमारे १९ कोटी लोकांचा समावेश होता, तर दुसऱ्यात ११ कोटी ४० लाखांचा. उरलेल्यांची गरज संपली नव्हती. ज्यांचा जीव आत्ताच धोक्यात आहे त्यांच्यापुरतीच यादी ठेवली गेली. वर्षअखेर प्रत्यक्षात जमा झाले ते १२ अब्जांच्या आसपास. आकडे मांडताना संस्था आपापल्या सोयीचे पाहतात हे मी नाकारणार नाही, पण सोमालियापुरते बोलायचे तर कात्रीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ११ लाख लोकांना तातडीचे अन्नसाहाय्य दिले होते आणि नोव्हेंबरपर्यंत हा आकडा साडेतीन लाखांवर आणावा लागेल, असे स्वतःच जाहीर केले होते.

आता २०११ विषयी. 'दुष्काळ जाहीर होणे' हा तिथे तांत्रिक निकष आहे. एखाद्या भागातील किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची कमालीची टंचाई असावी, ३० टक्क्यांहून अधिक मुले तीव्र कुपोषित असावीत आणि दर १० हजारांमागे रोज किमान दोन माणसे मरत असावीत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती घोषणा होते. तिसरा निकष पुन्हा वाचा. मरण मोजून झाल्याशिवाय घोषणा नाही, आणि दात्यांचे हात सैल होतात ते घोषणेनंतर. मे ते ऑगस्ट २०११ या चार महिन्यांत दरमहा सुमारे ३० हजार माणसे जात होती. म्हणजे २० जुलै उजाडेपर्यंत त्या लाटेचा मोठा भाग येऊन गेला होता.

याला युद्धाची जोड होती, आणि माझ्या मते तेच अधिक निर्णायक ठरले. दक्षिण सोमालियाचा मोठा मुलूख अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात होता. अमेरिकेने २००८ मध्ये या संघटनेला दहशतवादी ठरवल्यावर तिथे मदत पोहोचवणारी संस्था स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती निर्माण झाली आणि अमेरिकी मदत झपाट्याने घटली. दुसऱ्या बाजूने अल-शबाबचा जाच इतका वाढला की जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्ये दक्षिणेतले बरेचसे काम थांबवले. म्हणजे अवर्षणाआधी वर्षभर मदतीची वाटच दोन्हीकडून बुजली होती. अवर्षणाने पीक जाते. एवढी माणसे जायला मात्र वाटा बंद असाव्या लागतात.

२०१७ मध्ये पुन्हा तशीच परिस्थिती आली, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच निधी आला, त्यातला बराचसा रोख रकमेच्या रूपाने थेट कुटुंबांना दिला गेला आणि दुष्काळ टळला. २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. त्यात युक्रेनचे युद्ध पेटले आणि जो देश आपला जवळजवळ सगळा गहू रशिया आणि युक्रेनकडून आणत होता त्याच्या बाजारात भाव भडकले. २०२२ मध्ये बायदोआ आणि बुरहकबा या भागांत दुष्काळ पडणार असा अंदाज जाहीर झाला होता, पण उशिरा का होईना अमेरिकेने मोठी रक्कम ओतल्यामुळे ती घोषणा कधीच झाली नाही. तरीही त्या एका वर्षात सुमारे ४३ हजार अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासाने दिला आहे.

शंकासुर

दूरदेशी यांची माहिती मोलाची आहे, पण नाण्याची एक बाजू त्यांनी हलक्या हाताने ओलांडली. २०१० साली सुरक्षा परिषदेच्याच निरीक्षक गटाने असे म्हटले होते की सोमालियातील अन्नमदतीपैकी निम्म्यापर्यंत माल ठेकेदार, सशस्त्र गट आणि मधले लोक यांच्या खिशात जातो. अन्न कार्यक्रमाने तो आकडा अमान्य केला, हेही सांगून टाकतो. परंतु २०२३ मध्ये पुन्हा संयुक्त राष्ट्रांनीच करवून घेतलेल्या चौकशीत मदतीची मोठ्या प्रमाणावर चोरी आढळली आणि युरोपीय संघाने काही काळ आपला निधी रोखला. विस्थापितांच्या छावण्या ज्या खासगी जमिनींवर उभ्या राहतात, त्या जमिनींचे 'राखणदार' मदत मिळालेल्या कुटुंबांकडून हिस्सा उकळतात, हे तर तिथे उघड गुपित आहे. तेरा वर्षांच्या अंतराने तीच तक्रार येत असेल, तर ज्येष्ठ नागरिकांनी सहलीचे पैसे अशा ठिकाणी घालण्याआधी दहा वेळा विचार करावा, असे मला वाटते. आपल्याकडे टँकरच्या फेऱ्या कागदावर कशा वाढतात, हे आपण पाहिलेलेच आहे.

दूरदेशी

शंकासुर, आक्षेप पूर्णपणे मान्य. मी स्वतः अशी गोदामे पाहिली आहेत जिथे पावत्या आणि पोती यांचा मेळ बसत नव्हता. मात्र चोरी पकडली गेली की वरून येणारा उपाय जवळजवळ नेहमी एकच असतो: निधी थांबवा. हिस्सा उकळणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही, तो दुसऱ्या धंद्याला लागतो. ज्या आईला महिन्याला मोबाइलवर ठरावीक डॉलर येत होते, तिचे तेवढे बंद होतात. सोमालियात रोख मदत मोबाइलवरच जाते, कारण तिथे खेड्यापाड्यांतही लोक मोबाइलमधल्या पैशांनीच व्यवहार करतात. धान्याचा ट्रक दहा नाक्यांवर अडवता येतो. मोबाइलवर गेलेली रक्कम वाटेत अडवणे तुलनेने अवघड आहे. नंतर दमदाटी करून हिस्सा घेता येतोच आणि तो घेतलाही जातो, त्यामुळे हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणत नाही.

वेळेचा मुद्दा इथेही आड येतो. निधी उशिरा आला की सगळे घाईघाईने करावे लागते, पडताळणीला उसंत राहत नाही, पुरवठादार म्हणेल तो भाव द्यावा लागतो आणि नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त गळती होते. अमेरिकेहून जहाजाने निघालेले धान्य पोहोचायला चार ते सहा महिने लागतात, हेही लक्षात घ्या.

माणदेशी

मी माण तालुक्यातला आहे. शेती आणि शेळ्या-मेंढ्या दोन्ही घरात आहेत. सोमालिया मी पाहिलेला नाही, पण वरचे वाचताना जागोजागी ओळखीचे काही सापडत गेले, म्हणून लिहितो.

मरण मोजल्याशिवाय घोषणा नाही, हे वाचून मला आमची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, आठवली. आमच्याकडे वर्षानुवर्षे अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली तरच गाव दुष्काळी ठरे, आणि ती ठरे पीक कापणीचे प्रयोग झाल्यावर, म्हणजे शिवारात काही उरले नाही हे कागदावर सिद्ध झाल्यावर. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल आणि उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती हे निकष आणले. निकष बदलूनही जाहीर होण्याची वाट पाहणे काही संपलेले नाही, ही वेगळी गोष्ट.

दुसरे, जनावरांचे. माणसे उपाशी राहण्याच्या फार आधी दावण रिकामी होते. चारा संपत आला की सगळेच एकदम जनावर बाजारात नेतात, भाव कोसळतो आणि त्याच आठवड्यात ज्वारीचा भाव चढतो. एका शेळीच्या बदल्यात किती धान्य येते, हा आमचा खरा दुष्काळ मोजण्याचा काटा. सोमालियातले लोक तर प्रामुख्याने पशुपालकच आहेत, उंट आणि शेळ्या-मेंढ्या हीच त्यांची बँक. तिथे हा काटा आणखी तीव्र असणार. म्हणूनच आमच्याकडे चारा छावण्या लागतात. छावणीत जनावर जगले तर पाऊस पडल्यावर घर पुन्हा उभे राहते. जनावर गेल्यावर दिलेले धान्य पोट भरते, पण माणूस त्यानंतर विस्थापितांच्या छावणीतच राहतो.

आणि तिसरे, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने खडी फोडली, सुकडी आणि मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी) खाल्ली. त्या कामांतूनच पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी कायद्यात आली. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सरकारने दुष्काळ पडल्यावर विचारण्याऐवजी आधीच सोडवला: नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्याचे मूळ तिथे आहे. करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच आणखी भर शासनाने आपल्याकडून घालायची, अशी तरतूद होती. त्या योजनेत भ्रष्टाचार झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही, खोट्या हजेरीपटांच्या कहाण्या आमच्याही गावात आहेत. पण 'काम द्या' म्हणायला मजूर तहसीलवर गेला तर 'निधी आलेला नाही' हे उत्तर कायद्याने देता येत नव्हते. जगाच्या पातळीवर अशी काही सोय आहे का, हे दूरदेशी यांनी सांगावे.

दूरदेशी

माणदेशी, शेळीचा आणि धान्याचा भाव ताडून पाहणे ही सोमालियातल्या पूर्वसूचना यंत्रणेची रोजची पद्धत आहे. तुम्ही न पाहता ती बरोबर ओळखली.

तुम्ही विचारता तशी सोय अगदी तोकडी आहे. केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधी, म्हणजे सर्फ, २००६ पासून चालतो. देश आधीच पैसे ठेवतात आणि संकट आले की काही दिवसांत रक्कम सुटते. २०१६ मध्ये त्याचे वार्षिक लक्ष्य १ अब्ज डॉलर ठरले, पण गरजेच्या तुलनेत ते किरकोळ आहे आणि हा निधीही ऐच्छिकच आहे, त्यामागे कर नाही. अलीकडे या निधीतून 'आधीच कृती' नावाचा प्रयोग चालतो: पावसाचा अंदाज ठरावीक रेषेखाली गेला की मृत्यूंची वाट न पाहता रक्कम सोडायची. सोमालियात तो २०२० मध्ये करून पाहिला होता. आजवरच्या अनुभवात मला हीच दिशा योग्य वाटते, पण एकूण निधीतला तिचा वाटा अजून नाममात्र आहे.

तिजोरी

मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो आहे. खजिनदारांच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, म्हणून व्यवहाराचे सांगतो.

मंडळाच्या खात्यातून थेट परदेशी संस्थेला पैसे पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते, परंतु मंडळ किंवा न्यास तिचा लाभ घेऊ शकत नाही. नोंदणीकृत न्यासाने भारताबाहेर खर्च केला तर आयकरातील सवलतीसाठी वेगळी मंजुरी लागते. त्यामुळे सभासदांनी व्यक्तिगत देणगी द्यावी, किंवा ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे भारतात कार्यालय आहे तिला आधी लेखी विचारावे की ही रक्कम सोमालियासाठीच वापरली जाईल का. भारतात गोळा होणारा पैसा बहुधा भारतातल्याच कामावर खर्च होतो. हे न विचारल्यामुळे नंतर मनस्ताप झालेली एक मंडळी माझ्या माहितीत आहेत.

स्थानिक संस्थांचे म्हणाल तर २०१६ साली इस्तंबूलला झालेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या दात्यांनी २०२० पर्यंत एक चतुर्थांश निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचे मान्य केले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही. त्यामागे बँकांचाही हात आहे, हे मी माजी बँकर म्हणून कबूल करतो. सोमालियाचे नाव दिसले की बँकेतला अनुपालन अधिकारी, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणारा, निर्बंध मोडले जाण्याच्या भीतीने फाइल बाजूला ठेवतो. परदेशस्थ सोमाली लोक घरी पाठवतात ती रक्कम वर्षाला १ अब्ज डॉलरच्या वर जाते आणि दुष्काळात सर्वांत आधी पोहोचणारी मदत तीच असते, पण ती नेणाऱ्या हवाला कंपन्यांची खाती २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेने बंद करायला घेतली तेव्हा केवढा गहजब झाला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या नियमात सुधारणाही झाली आहे. मानवतावादी मदतीसाठी होणारा पैशाचा व्यवहार मालमत्ता गोठवण्याच्या नियमातून वगळणारा २६६४ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये केला. त्या महिन्यात अध्यक्षपद भारताकडे होते, आणि चौदा देशांनी बाजूने मत दिले तेव्हा तटस्थ राहिलेला एकमेव देशही भारतच होता. या सवलतीचा फायदा दहशतवादी गट घेतील, ही आपल्या देशाची हरकत होती. शंकासुरांना ती पटेल. मला अर्धीच पटते.

खजिनदार

सर्वांचे आभार. माणदेशी यांचा शेळीचा काटा मी काल मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा १९७२ साली खडी फोडायला गेलेल्या आमच्यातल्या दोघी जणी बराच वेळ मिलोच्या लाल भाकरीबद्दल बोलत राहिल्या.

तिजोरी यांच्या सल्ल्याप्रमाणे मंडळाच्या खात्यातून काही पाठवायचे नाही, सभासदांनी आपापल्या नावाने द्यायचे, असा दुरुस्त ठराव केला आहे. दोन संस्थांना पत्रे लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत: रक्कम सोमालियातच खर्च होईल का, रोख मदत मोबाइलवरून दिली जाते का, आणि एखादा भाग दुष्काळी जाहीर होण्यापूर्वी तुम्ही तिथे खर्च करू शकता का. एका संस्थेचे उत्तर आले. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी स्पष्ट होकार दिला आहे. तिसऱ्यावर त्यांनी कळवले की ज्या देणग्यांना कसलीही अट जोडलेली नसते, त्याच पैशांतून असा आगाऊ खर्च करता येतो. म्हणजे 'फक्त सोमालिया' ही आमची अटच आड येते आहे. ती काढायची की ठेवायची, यावर बैठकीत एकमत झाले नाही. शंकासुरांच्या मताचे पाच जण निघाले. पुढची बैठक रविवारी आहे. तोपर्यंत अट नसलेल्या देणगीचा हिशेब संस्थेकडून कोणत्या स्वरूपात मागता येतो, हे दूरदेशी यांनी सांगितले तर उपकार होतील.

दूरदेशी

अट काढली तरी हिशेब मागता येतो. वार्षिक अहवालासोबत लेखापरीक्षकाचा अहवाल मागा, आणि देशवार खर्चाचा तक्ता वेगळा मागा. त्या तक्त्यात आणखी एक रकाना विचारून घ्या: रक्कम हाती आल्यापासून ती प्रत्यक्ष वाटली जाईपर्यंत किती दिवस गेले. हा आकडा देणाऱ्या संस्था थोड्याच आहेत. जी देईल तिला मी माझे पैसे देतो.